पार राखण्याचा हट्ट

२००४ च्या यूएस ओपन या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, शिनेकॉक हिल्सच्या मैदानात सातव्या होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, वाळून इतकं टणक झालं होतं की नेमका मारलेला चेंडूही त्यावर ठरेना; टप्पा पडला की उतारावरून घरंगळत खाली. पहिल्या काही खेळाडूंची दैना झाल्यावर आयोजकांनी खेळ चालू असतानाच, गटांच्या मधल्या वेळात, त्या ग्रीनवर पाणी मारायला घेतलं. म्हणजे पाणी मारण्याआधी जे येऊन गेले त्यांना एक मैदान मिळालं आणि नंतर आलेल्यांना दुसरं. त्या दिवशी एकालाही पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, खाली खेळता आलं नाही. पार होता ७०, आणि दिवसाची सरासरी ७८ च्या वर गेली. रेटिफ गूसन जिंकला, त्याचं त्या दिवशीचं पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलणं, खरोखर अव्वल दर्जाचं होतं. पण आज त्या स्पर्धेचा विषय निघाला की लोकांना आधी पाण्याचे पाइप आठवतात.

चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच मैदानावर तेच. शनिवारी सकाळी डॅनियल बर्गर आणि टोनी फिनाउ आघाडीपेक्षा तब्बल अकरा फटके मागे होते. सकाळच्या निवांत हवेत दोघांनी ६६-६६ केले. दुपारी वारा उठला, ऊन तापलं, ग्रीन काचेसारखी झाली आणि आघाडीवरचे एकेक खेळाडू कोसळत गेले. संध्याकाळी बर्गर आणि फिनाउ संयुक्त आघाडीवर! त्याच दुपारी फिल मिकलसनने तेराव्या ग्रीनवर घरंगळत निघालेला स्वतःचा चेंडू धावत जाऊन, तो चालत असतानाच परत मारला आणि दोन फटक्यांचा दंड घेतला. त्याचं ते वागणं शोभणारं नव्हतं, हे खरंच. पण आयोजक संस्थेचे प्रमुख माइक डेव्हिस यांना त्या संध्याकाळी कबूल करावं लागलं की काही होलच्या जागा जास्तच कठीण झाल्या होत्या.

गोल्फच्या मेजर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या, स्पर्धांचा निकाल मैदानाच्या स्थितीवर ठरतो, आणि तसाच ठरायला हवा. बॅडमिंटनचं कोर्ट जकार्तात आणि बर्मिंगहॅममध्ये सारखंच असतं. गोल्फचं एक मैदान दुसऱ्यासारखं नसतं आणि तेच मैदान गुरुवारी असतं तसं रविवारी नसतं. खेळाची निम्मी गोडी त्यात आहे. प्रश्न आहे तो ही स्थिती कोणी ठरवायची याचा. जमीन, पाऊस आणि वारा यांनी, की विजेत्याचा स्कोअर पारच्या आसपासच राहिला पाहिजे असं आधीच मनाशी धरून बसलेल्या समितीने? समितीने हा हट्ट सोडावा आणि मैदान वाऱ्यावर सोपवावं, असं माझं ठाम मत आहे. त्यातून कधी वीस खाली असा स्कोअर आला तर येऊ द्यावा.

कडक जमिनीने नेमकं काय होतं हे कळायला गोल्फ खेळलेलं असावं लागत नाही. ओहोटीच्या वेळी गुहागरच्या पुळणीवर पोरं क्रिकेट खेळतात, तिथे जाऊन उभं राहावं. पाणी नुकतंच उतरलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर टेनिसचा चेंडू सुसाट निघतो. तिथून थोडं सुरूच्या बनाकडे सरकलं की भुसभुशीत वाळूत तोच चेंडू पडल्या जागी मरतो. लांब उभं केलेलं बारकं पोरगंसुद्धा हे ओळखून असतं: चेंडू कोरड्या वाळूत गेला तर घाई नाही, ओल्यावरून गेला तर थेट लाटेत.

गोल्फमध्ये मऊ, भिजलेल्या जमिनीवर खेळाडूला फक्त हवेतलं अंतर मोजावं लागतं. अमुक यार्ड, अमुक क्लब (मारायची काठी), चेंडू पडला की थांबला. जमीन कडक असेल तर चेंडू पडल्यावर खरी गोष्ट सुरू होते. तो कुठे टेकवायचा, किती धावू द्यायचा, फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कोणत्या बाजूने ग्रीनकडे यायचं, मधला उंचवटा त्याला कुठे नेईल, हे सगळं आधी बघून ठेवावं लागतं. एरवी ऐसपैस वाटणारा फेअरवे अरुंद होतो, कारण चेंडू घरंगळत कडेच्या रफमध्ये (उंच गवतात) किंवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. ताकद तेवढीच लागते, पण तिच्या जोडीला डोकं आणि डोळा लागतो.

स्कॉटलंडच्या कार्नूस्टीने या बाबतीत जो धडा दिला तो मला सगळ्यात बोलका वाटतो, कारण जमीन तीच, स्पर्धा तीच, आणि दोन वेळचं चित्र पार वेगळं. १९९९ ची ब्रिटिश ओपन, जिला नुसतं ओपन म्हणतात, तिथे झाली तेव्हा फेअरवे आवळून अगदी चिंचोळे केले होते आणि दोन्ही बाजूंना दाट, उंच रफ. चेंडू जरा कडेला गेला की पुढचा फटका म्हणजे तो नुसता बाहेर काढणं. सर्जिओ गार्सिया तेव्हा एकोणीस वर्षांचा, उभरता तारा. त्याने पहिल्या दिवशी ८९ केले. शेवटच्या होलवर आघाडीवरच्या ज्याँ व्हान द वेल्डची नाल्यात उतरून जी फरफट झाली ती सगळ्या जगाने पाहिली. पॉल लॉरी सहा ओव्हरवर (पारपेक्षा सहा फटके जास्त) बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये जिंकला. तो ॲबरडीनचा, त्याच किनाऱ्यावर वाढलेला, शेवटच्या दिवशी दहा फटके मागून आला. त्याच्या विजयाला कमी लेखणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. पण त्या आठवड्यात मैदानाने खेळाडूंना फार थोडे पर्याय ठेवले होते. सरळ मारा, नाहीतर भोगा.

२०१८ साली तिकडे उन्हाळा कोरडा गेला. रफ विरळ झाली, फेअरवे वाळून तपकिरी पडले आणि ग्रीनपेक्षाही वेगवान झाले. समितीने गवताला हिरवं करण्याच्या भानगडीत न पडता जमीन आहे तशी खेळवली. मग काय झालं? कोणी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, घेऊन बंकरांच्या पलीकडे उडवायचा प्रयत्न केला, कोणी लोखंडी क्लबने बंकरांच्या अलीकडेच थांबला. एकाच होलवर चार खेळाडू चार वाटांनी गेले. रविवारी वारा आला आणि त्या वाऱ्यात फ्रान्चेस्को मोलिनारीने एकही बोगी (होलवर पारपेक्षा एक फटका जास्त) न करता ओपन जिंकली, आठ अंडरवर, म्हणजे पारपेक्षा आठ फटके कमी. याला मी परीक्षा म्हणतो. पहिल्या वेळी एकाच उत्तराला गुण होते, दुसऱ्या वेळी उत्तर ज्याचं त्याने शोधायचं होतं.

२००६ च्या ओपनला हॉयलेकला टायगर वुड्सने असंच केलं. जमीन भाजून निघालेली, चेंडू पळतच सुटायचे. पूर्ण चार फेऱ्यांत त्याने ड्रायव्हर एकदाच हातात घेतला आणि अठरा अंडरवर जिंकला. त्याच्यासारख्या लांब मारणाऱ्याला सगळ्यात मोठा क्लब पिशवीतच ठेवावासा वाटला, हे काम त्या जमिनीने केलं, कुठल्या समितीने नाही.

आणि टॉम वॉटसन! २००९, टर्नबेरी. वय एकोणसाठ. ज्या वयात आमच्याकडे सरकारी नोकर निवृत्त होऊन आंब्याच्या कलमांना आळी करत असतात, त्या वयाचा माणूस शेवटच्या होलवर फक्त पार केला तर ओपन जिंकणार होता. दुसरा फटका चांगला लागला, ग्रीनवर पडला, पण कडक जमिनीवरून पुढे पळून मागच्या बाजूला उतरला. बोगी, मग प्लेऑफ, आणि स्टुअर्ट सिंक विजेता. मला त्या पराभवाची आजही हळहळ वाटते, पण तो अन्याय होता असं वाटत नाही. ज्या कडक जमिनीने शेवटचा टप्पा दिला नाही, तिनेच त्याला चार दिवस तरुणांच्या बरोबरीने ठेवलं होतं. भिजलेल्या लांबलचक मैदानावर तो पहिल्या दोन दिवसांत घरी गेला असता.

आपल्यासाठी हा मुद्दा फक्त पाहण्यापुरता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्याच शनिवारी संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळची अदिती थोडी झाकली गेली. तिचा फटका इतरांच्या मानाने आखूड. तिचा सगळा भरवसा ग्रीनच्या आसपासच्या खेळावर आणि पटिंगवर. मेजर स्पर्धांची मैदानं जितकी लांब आणि जितकी ओली, तितका अशा खेळाडूचा मार्ग बंद. जमीन कडक, वारा मोकळा, तर तिलाही दार उघडं. भारतातून जाणाऱ्या बहुतेक मुलामुलींकडे अमेरिकन कॉलेजांतल्या खेळाडूंसारखी दांडगी लांबी नसते. त्यामुळे कोणत्या प्रकारचं मैदान हे अस्सल मैदान मानायचं, या वादात आपण तटस्थ राहू नये असं मला वाटतं.

आता ग्रीनच्या वेगाविषयी, कारण समितीचा हात सगळ्यात जास्त चालतो तो इथे. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गोल्फरने १९३५ ची यूएस ओपन ओकमाँटला पाहिली, तिथल्या ग्रीनचा वेग बघून तो मोजायचं एक साधन बनवलं. तीन फुटांची खाचेची पट्टी; एका टोकाला चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू ठरावीक उतारावर सुटतो आणि सपाट ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या क्लबांची पाहणी झाली तेव्हा सरासरी आकडा साडेसहा फुटांच्या आसपास होता. आज मेजर स्पर्धांत बारा-तेराच्या पुढे सहज बोलतात. गवत कापायची यंत्रं सुधारली, गवताच्या जाती सुधारल्या, ग्रीनवर रोलर फिरू लागले. पण ग्रीनचे चढउतार मात्र जुनेच आहेत. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ते आखले त्यांच्या डोळ्यांसमोर सावकाश चालणारा चेंडू होता. त्याच उतारावर आज दुप्पट वेग ठेवला की होल खोदायला जागाच उरत नाही. ग्रीन केवढंही मोठं असलं तरी चेंडू थांबेल अशा दोन-तीन जागा शिल्लक राहतात. शिनेकॉकला हेच झालं. मैदान वाईट नव्हतं, ते जगातल्या उत्तम मैदानांपैकी आहे. त्याला त्याच्या बेताबाहेर ताणलं गेलं.

ओपनवाले या बाबतीत शहाणे आहेत, कारण वाऱ्याने त्यांना शहाणं केलं. समुद्राकाठी ग्रीन फार वेगवान ठेवलं तर वाऱ्याने चेंडू आपोआप हलू लागतो. २०१५ ला सेंट अँड्र्यूजला शनिवारी हेच झालं, तासन् तास खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. म्हणून तिथे वेग दहाच्या आसपास ठेवायची रीत आहे. वारा येणार हे गृहीत धरून मैदान तयार करायचं, हा नम्रपणा मला इतरांकडेही हवा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. वाऱ्यावर सोपवायचं म्हणजे नशिबावर सोपवायचं. निम्मे खेळाडू सकाळी खेळतात, निम्मे दुपारी. किनाऱ्यावर राहणाऱ्याला यातली मेख सांगायला नको. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, मंद. मग मधे थोडी शांतता. आणि दुपार कलली की खारा वारा असा सुटतो की वाळत घातलेली जाळी उडतात. आमचे मच्छीमार पूर्वी शिडं यावरच लावत. सेंट अँड्र्यूजचा वारा वेगळा, तिथली वादळं अटलांटिकवरून येतात, पण हिशोब तोच: चार तासांच्या फरकाने दोन खेळाडू दोन वेगळ्या मैदानांवर खेळतात. २०१० साली रॉरी मॅकलरॉयने गुरुवारी ६३ केले, शुक्रवारी वाऱ्यात ८०. मुइरफील्डला २००२ मध्ये टायगर वुड्स, वर्षातल्या पहिल्या दोन मेजर खिशात घालून आलेला, शनिवारच्या पावसावाऱ्यात सापडला आणि ८१ वर गेला. चार दिवसांत सगळं सारखं होतं असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नाही. पुष्कळदा होत नाही.

तरीही वाऱ्याने दिलेला फटका आणि समितीने दिलेला फटका मी एका मापाने मोजत नाही. वारा कोणाचा स्कोअर बघून वाहत नाही. समिती बघते. गुरुवारी फार बर्डी (होलवर पारपेक्षा एक फटका कमी) झाल्या म्हणून रात्री पाणी बंद करणं, होल उताराच्या कडेला सरकवणं, हे त्या वेळच्या निकालाकडे बघून केलेलं असतं. खेळ चालू असताना परीक्षेचा पेपर बदलण्याचा अधिकार कोणालाच नसावा. आणि जिथे वाऱ्यात खेळणं खरंच अशक्य होतं तिथे थांबायचं कसं हेही माहीत आहे. २०१२ ला महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये हॉयलेकला शुक्रवारचा वारा असा होता की खेळ थांबवून त्या दिवशीचे स्कोअर रद्दच केले. त्यानंतर जियाई शिन नऊ फटक्यांनी जिंकली. कोणी म्हटलं नाही की तिचा विजय फुकटचा.

मराठी वाचकाला हे क्रिकेटमधून लगेच पटेल. फेब्रुवारी २०१७, गहुंजे. ऑस्ट्रेलियाला फिरकीच्या जाळ्यात पकडायचं म्हणून खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फुटलेली. आणि जाळ्यात कोण अडकलं? स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले, आपण ३३३ धावांनी हरलो आणि आयसीसीने खेळपट्टीला खराब शेरा मारला. हात दाखवून अवलक्षण. पुण्याची माती नैसर्गिकपणे फिरकीला थोडी साथ देते, तेवढ्यावर आपले गोलंदाज पुरेसे होते. अति केल्यावर अश्विन-जडेजा आणि ओकीफ यांच्यातलं अंतरच पुसलं गेलं. शिनेकॉकच्या शनिवारी जगातले पहिले दहा आणि पन्नासावे यांच्यातलं अंतर असंच पुसलं गेलं होतं.

मेजर म्हणजे दिग्गजांना झगडताना बघायला मिळालं पाहिजे, हेही मी समजू शकतो. रोजच्या टूरवर पंचवीस अंडर बघून कंटाळा येतो. पण झगडायला लावण्यासाठी त्रास देणं गरजेचं नसतं. २०११ ला काँग्रेशनलला पाऊस झाला, ग्रीन मऊ पडली, मॅकलरॉय सोळा अंडरवर आठ फटक्यांनी जिंकला. काहींनी तेव्हा नाकं मुरडली, यूएस ओपनची लाज गेली म्हणाले. मला ती सर्वोत्तम यूएस ओपनपैकी एक वाटते. बाविशीतल्या पोराचा तो खेळ मऊ ग्रीनवर इतरांनाही उपलब्ध होता. बाकीच्यांना जमला नाही एवढंच. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑगस्टाला, मास्टर्स या मेजर स्पर्धेत, डस्टिन जॉन्सनने वीस अंडरचा विक्रम केला, कारण पावसाने आणि शरद ऋतूने ग्रीन मऊ ठेवली होती. ऑगस्टाच्या ग्रीनखाली हवा खेचून ओलावा काढणारी यंत्रणा बसवलेली आहे, तरीही ऋतूने आपलं म्हणणं खरं केलं.

मूळ दुखणं चेंडूचं आहे. तो आता फार लांब जातो, जुनी मैदानं अपुरी पडतात, म्हणून समित्या ग्रीन वाळवून आणि रफ वाढवून भरपाई करतात. डिसेंबर २०२३ मध्ये खेळाच्या दोन्ही नियामक संस्थांनी चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करायचं जाहीर केलं. खेळाडूंनी आणि कंपन्यांनी बराच आरडाओरडा केला, पण उपाय योग्य ठिकाणी आहे. चेंडू आवरला तर मैदानाचा छळ करावा लागणार नाही.

हे सगळं मी कोकणात बसून का लिहितोय? कारण दूरदर्शनवर दिसणारं मैदान आपल्या डोक्यातलं मैदान बनतं. जुलैत ओपन चालू असते तेव्हा आमच्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो, बाहेर सगळं हिरवंकंच, आणि पडद्यावर स्कॉटलंडचं पिवळं गवत. घरातली माणसं विचारतात, एवढी मोठी स्पर्धा आणि मैदानाला पाणी का घालत नाहीत? एप्रिलमधलं ऑगस्टा मात्र सगळ्यांना आवडतं. गालिचा. जगभरच्या क्लबांना तसाच गालिचा हवा असतो, आणि त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. किनाऱ्यावर मोठी हॉटेलं, रिसॉर्ट यांची बोलणी निघाली की कोणीतरी गोल्फचं नाव काढतंच. ज्या कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याच कोकणात एप्रिल-मेला मंडणगड-खेडच्या वाड्यांवर टँकर येतात, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. तिथे उन्हाळाभर ग्रीन आणि फेअरवे भिजवत ठेवायचा विचारसुद्धा मनात येऊ नये.

आणि वाळूच्या टेंभ्यांवर तर मुळीच नको. स्कॉटलंडचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल की लिंक्स म्हणजे किनाऱ्यावरची वाळूच. खरं आहे, पण ती मैदानं मेंढ्या चारून, लोकांच्या पायवाटांतून, शेकडो वर्षांत झाली. अलीकडे ॲबरडीनशायरमध्ये मेनी इथे डोनाल्ड ट्रम्प यांनी चालत्या वाळूच्या टेकड्यांवर मैदान बांधलं, २०१२ मध्ये ते उघडलं. टेकड्या सरकू नयेत म्हणून गवत लावून बांधल्या, आणि २०२० मध्ये त्या भागाचा संरक्षित शास्त्रीय महत्त्वाच्या स्थळाचा दर्जा काढून घेतला गेला, कारण जतन करावं असं जे होतं तेच उरलं नव्हतं. आपल्या पुळणीवर मर्यादवेल वाळू धरून ठेवते, तिच्या मागे सुरू, त्याच्या मागे वाडी. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमात वाळूचे टेंभे सर्वात संवेदनशील वर्गात आहेत आणि ते तिथेच राहिले पाहिजेत.

सड्यांनाही, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांनाही, हात लावू नये. पावसाळी फुलं, कातळशिल्पं आणि गुरांची चराई, तिन्ही तिथेच आहेत. मग कोणाला इथे मैदान करायचंच असेल तर ते आधीच सपाट करून पडीक ठेवलेल्या जमिनीवर करावं, नऊ होलचं, स्थानिक गवताचं. पावसाळ्यात बंद, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालू. पाणी घालायचं तर फक्त ग्रीनना, तेही साठवलेल्या पावसाचं. फेब्रुवारीत फेअरवे पिवळे पडतील, चेंडू पळायला लागेल, दुपारी खारा वारा येईल, आणि ज्याला खाली ठेवून मारता येतं तो लांब मारणाऱ्याला हरवेल.